‘छान दिसतेस’ म्हटलं की नात चिडते

प्रश्न : मी मुलाकडे अटलांटाला असते. सून आफ्रिकन-अमेरिकन आहे. सोळा वर्षांची नात पूर्वी बारीक वेण्या घालून मिरवायची. आता रोज स्ट्रेटनरने केस सरळ करते आणि फोनवरच्या मुलींसारखी कंबर नाही म्हणून जेवण टाळते. ‘तू छानच दिसतेस’ म्हटलं की चिडते. मी काय करू? – एक आजी

उत्तर : आजी, तुमची माया तिला कळत नाही असं नाही. पण फोनवर ती दिवसभर काय बघते? बारीक कंबर, भरदार मांड्या, उजळ वर्ण, पाठीवर मोकळे केस. हा गोऱ्या मॉडेलचा काटकुळेपणा नव्हे. हा साचा कृष्णवर्णीय मुलींचाच म्हणून दाखवला जातो, म्हणून आपण त्यातही बसत नाही हे जास्त बोचतं.

अमेरिकेतल्या जुन्या अभ्यासांत कृष्णवर्णीय मुली गोऱ्या मुलींपेक्षा आपल्या शरीरावर खूश असल्याचं दिसे. आपल्या कृष्णवर्णीय समाजाशी असलेलं घट्ट नातं त्यांना सावरतं, असं त्यावरून मांडलं गेलं. मला ते अर्धंच पटतं. तेव्हाच्या प्रश्नावल्यांचा भर वजनावर आणि बारीकपणावर होता. केसांवरून, वर्णावरून काय ऐकावं लागतं, हे फारसं कुणी विचारलंच नाही.

केसांचं दुखणं तर भल्याभल्यांना चुकलेलं नाही. कृष्णवर्णीय अभिनेत्री लुपिता न्योंगोला ऑस्कर मिळालेलं. तरी 2017मध्ये एका ब्रिटिश मासिकाने मुखपृष्ठावरच्या तिच्या फोटोत मागे बांधलेले कुरळे केस काढून टाकले, उरलेले चापूनचोपून गुळगुळीत केले. तिने जाहीर नाराजी व्यक्त केली. मूळ फोटो आणि छापलेला फोटो शेजारी ठेवून नातीला दाखवा. 2019मध्ये वेण्या आणि नैसर्गिक केसांवरून शाळेत, नोकरीत भेदभाव करायला कॅलिफोर्नियाला कायद्याने बंदी घालावी लागली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेची झोझिबिनी तुंझी आखूड, नैसर्गिक केसांनी मिस युनिव्हर्स झाली, हेही सांगा.

केसांच्या बाबतीत मात्र पुढाकार सुनेचा असू द्या. खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसण्याआधी तिला विचारा. या केसांची तऱ्हा वेगळी. ओले असताना कंडिशनर लावून, भाग पाडून, रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून मुळांकडे गुंता सोडवतात. त्यात तास तास जातात, आणि मायलेकींचं खरं बोलणं बहुधा तेव्हाच होतं. सून म्हणाली तर तुम्हीही बसा. नातीला कृष्णवर्णीय मावश्या, मामेबहिणी यांच्यात वरचेवर जाऊ द्या. तिथे तिच्यासारख्या अंगाच्या, तिच्यासारख्या केसांच्या बायका हसताखेळताना दिसतात. आपल्या कौतुकाला ती सर नाही.

जेवण टाळण्याची गोष्ट मात्र आजच सुनेच्या कानावर घाला आणि डॉक्टरांची वेळ घ्या. खाण्याचे आजार गोऱ्या मुलींचे, या समजुतीपायी कृष्णवर्णीय मुलींकडे दुर्लक्ष होतं, कधी डॉक्टरांकडूनही. ‘वयच तसं आहे’ असं कुणी म्हणालं, तर तेवढ्यावर परत येऊ नका.