पफमध्ये फळ आणि चीज भरलं की तळ कच्चा राहतो, आणि घरचे नावं ठेवतात. काय करू?

तुमचे प्रश्न तीन. पेअर-चीजचे पफ खालून ओले राहतात, चीज कोणतं घ्यावं, आणि घरचे म्हणतात की फळाबरोबर चीज विचित्र लागतं. तिसरा वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून आधी तोच घेते.

आमच्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं ठरलेलं. एका वर्षी मी जोडीला पुरंदरच्या अंजिरांचे पफ केले. आत अंजीर, किसलेलं चेडार आणि जाडसर कुटलेली मिरी. पुण्याच्या उन्हाळ्यात घरी पापुद्रे काढणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. लोणी पस्तिशीच्या आसपास पार पातळ होतं आणि एप्रिलमधला स्वयंपाकघराचा ओटा दुपारी तिथवर पोचलेलाच असतो. म्हणून पहाटे उठून लाटलं. तीनपदरी घडी, फ्रिज, पुन्हा घडी, पुन्हा फ्रिज. अशा सहा घड्या झाल्या की लोण्याचे 729 थर होतात. यात सोडा नाही, बेकिंग पावडर नाही; पिठातल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होऊन तेवढ्यावर सगळं फुगतं.

तर ते ताट बाहेर आणलं आणि मोठ्या जाऊबाई भरल्या घरात सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अगं, पॅटिसात बटाटा घालतात. हे गोड आहे का तिखट ते तरी ठरव. शिवाय फळ आणि दुधाचं म्हणजे विरुद्ध आहार." हे म्हणताना हातात वाटी कशाची? कैरीच्या डाळीची. मिरची, मीठ, हिंग-मोहरीची फोडणी घातलेलं फळच की ते!

ज्या घरात शिकरण-पोळीवर माणसं तुटून पडतात, केळ्याच्या कोशिंबिरीत दही पडतं, पेरूच्या फोडीला तिखटमीठ लागतंच लागतं, त्या घराने मला विरुद्ध आहार शिकवू नये. सारस्वतांकडे अननसाचं सासव होतं, त्यात मोहरी आणि मिरची असते. क्यूबन बेकऱ्यांत तर पेरूची घट्ट वडी आणि क्रीम चीज भरलेले पफ मिळतात. गोव्याची पेराद, म्हणजे तिथली पेरूची वडी, मिळाली तर तुम्हीही करून बघा. ती आधीच आटवलेली असते, त्यामुळे पाणी सुटायची भानगडच नाही.

आता तळाचं. पेअरमध्ये ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असतं. कच्च्या फोडी थेट भरल्या तर ते सगळं खालच्या थरात उतरणार. फोडी पातळ कापा, तव्यावर पाणी आटेपर्यंत परता आणि पूर्ण गार करा. पफच्या तळाशी टोस्टचा चुरा भुरभुरा, मग सारण. वर दोन चिरा द्या. ओव्हन 200 ते 210 अंशांवर, आणि ट्रे आधीच आत तापलेला हवा. वरचा रंग बघून बाहेर काढू नका, एक उचलून खालून बघा.

चीज? मोझरेला अजिबात नको, पाणी सोडतं आणि चव शून्य. पेअरला ब्लू चीज सगळ्यात छान, त्याचा वास झेपत नसेल तर मुरलेलं चेडार. प्रोसेस्ड चीजचे क्यूब चालतात, ते तूप सोडत नाहीत, पण मग सारणात वेगळं मीठ घालू नका.

हळदीकुंकवाचे म्हणून मी वरून दूध लावलं होतं. अंड्याने रंग जास्त चांगला येतो. काहीही लावा, कापलेल्या कडांवर ओघळू देऊ नका, थर चिकटतात आणि फुगत नाहीत. तयार शीट आणणार असाल तर पाकीट वाचून घ्या. मार्गारिनची शीट फुगते झकास, पण खाल्ल्यावर टाळूला चिकटते. आणि पेअर कडकच घ्या, पिकून मऊ झालेला नुसता खाऊन टाका.

उरलेले पफ मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, ओव्हनमध्ये किंवा मंद तव्यावर झाकण न ठेवता करा. त्याच जाऊबाईंनी घरी नेलेले मायक्रोवेव्हमध्ये घातले आणि मग मला फोन करून सांगितलं की तुझे पफ मऊ पडलेत.