आजोबांच्या कपाटात संगमरवरी टेबल लायटर सापडलाय. खरा संगमरवर आहे का, चालू होईल का आणि विकला तर किती येतील?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की दुकानदार म्हणाला, असले लायटर सगळे पावडर ओतून केलेले असतात, त्यांना काही किंमत नाही. ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायलोय. सगळे तसले नसतात. आमच्या घरात हेच काम होतं, औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, आणि आमच्या आज्जानं आयुष्यात एक लायटर ओतला नाही, सगळे कोरले.

आम्ही मूळचे पाथरवट. पणजोबापर्यंत पाटे-वरवंटे, जाती, उखळं, सगळं काळ्या दगडाचं काम. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या तसं जात्याचं गिऱ्हाईक संपत गेलं. बिबीचा मकबरा बघायला येणारे लोक पांढऱ्या दगडाच्या वस्तू मागतात हे आज्जाच्या लक्षात आलं आणि तो राजस्थानातल्या मकराण्याचा दगड आणायला लागला, ताजमहालाला वापरलाय तोच. अख्खी लादी कुठली परवडणार, मोठ्या कामातून उरलेले तुकडे घ्यायचा. आधी ॲश ट्रे, पेपरवेट, मग लायटर. तेव्हा चांगल्या घरातल्या दिवाणखान्यात आणि हॉटेलात टेबलावर लायटर लागायचाच, लग्नात आहेर म्हणूनसुद्धा द्यायचे. आतलं लायटरचं मशीन आम्ही बनवत नव्हतो, ते मुंबईहून तयार यायचं. आमचं काम दगडाचं.

आणि दगडाचं काम म्हणजे खरं तर भोक पाडायचं काम. बाहेरचा आकार कुणीही काढील. मशीन बसायला गोल खड्डा लागतो, तो आरपार नाही पाडायचा, बुडाला दगड राहिला पाहिजे. त्यासाठी पोकळ नळीचं ड्रिल, नळीच्या तोंडाशी कार्बोरंडमची, म्हणजे दगड घासून कापणारी कडक पूड आणि पाणी, आणि पाणी वाहून जाऊ नये म्हणून दगडावर चिकणमातीचं गोल आळं करायचं. नळी खाली जाती तसा मधे दगडाचा एक खांब उभा राहतो, त्याला आम्ही गाभा म्हणायचो. खोली पुरी झाली की फटीत बारीक पाचर घालून एक हलका ठोका, गाभा बुडातून मोडून हातात यायचा. ठोका जरा तिरका बसला की अख्खा लायटर उभा चिरायचा आणि दोन दिवसांचं काम मातीत. आज्जाचा ठोका मी जवळून बघितलाय, मारायच्या आधी तो हातोडी नुसती दगडाला टेकवून आवाज ऐकायचा. निघालेल्या गाभ्यांच्या आम्ही पोरं सोंगट्या करायचो. मग घासाई, ती सगळी आजी आणि काकूंकडं. जाड बट्टीपासून, म्हणजे घासायच्या दगडापासून, बारीक बट्टीपर्यंत पाण्यात घासायचं आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड लावून नमद्यानं, म्हणजे लोकरीच्या जाड कापडानं चमक आणायची. आजीच्या बोटांच्या पेरांची कातडी कायम सोललेली असायची, आणि दुकानाच्या पाटीवर नाव मात्र फक्त पुरुषांची, हे मला आजही पटत नाही.

आज्जा गेल्यावर धंदा काकांकडं आला आणि त्यांनी मार्बल पावडर आणि रेझिन, म्हणजे घट्ट होणारं प्लास्टिकसारखं रसायन, साच्यात ओतायला सुरुवात केली. एका दिवसात ढीगभर माल निघायचा. माझ्या वडिलांनी विरोध केला तर काका म्हणाले, मकबऱ्यात तरी कुठं सगळा संगमरवर आहे, मधे चुनाच लावलाय ना, तरी लोक तिकीट काढून बघतातच की. हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलंय की मी त्याचं उत्तर इथं लिहूनच ठेवतो. मकबऱ्याला संगमरवर खालच्या पट्ट्याला आहे आणि वर घुमटाला आहे, मधे काळा दगड आणि त्यावर घोटलेला गिलावा, हे खरं आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा, त्यानं आईसाठी बांधला, खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाला असं जुन्या नोंदीत आहे, ताजच्या मानानं फार कमी. पण जिथं माणसाचा हात पोचतो तिथं त्यांनी दगडच लावला ना? आणि लायटर ही तर सगळी हातात घ्यायचीच वस्तू, तिथं पावडर कशी चालंल? त्यात परत जाळ. रेझिन उन्हानं आणि उष्णतेनं पिवळं पडतं, मशीनच्या कडेला तपकिरी डाग येतात. एका मोठ्या हॉटेलनं अख्खा लॉट परत पाठवला, मागोमाग मुंबईच्या व्यापाऱ्यानं ऑर्डर बंद केली. तोवर कारागिरांची पोरं वाळूजच्या कंपन्यांत लागली होती, परत दगडाकडं वळायचं म्हटलं तरी हात कुणाचे आणणार.

चुलत भाऊ अजून म्हणतात की प्लास्टिकच्या लायटरनं धंदा मारला, आणि २ ऑक्टोबर २००८ ला सार्वजनिक ठिकाणी सिगारेट बंद झाली तिनं उरलासुरला मारला. मला हे मान्यच नाही. खिशातला लायटर घेणारा माणूस टेबलचा लायटर घेणारा कधी नव्हताच. २०२३ ला सरकारनं २० रुपयांच्या आतल्या लायटरची आयात बंद केली तेव्हा मी भावाला म्हणलं, आता तर स्वस्त मालाची अडचण गेली, दाखव चालवून. गप्प बसला. सिगारेट कमी झाली ते चांगलंच झालं, मी स्वतः ओढत नाही, पण दगडाची वस्तू दगडाची म्हणून घेणारे लोक तेव्हाही होते आणि आजही जुन्या बाजारात शोधत फिरायलेत.

आता तुमचा लायटर. गालाला लावून बघा, खरा दगड गार लागतो आणि आकाराच्या मानानं जड असतो. शिरा एका बाजूनं आत जाऊन दुसऱ्या बाजूला निघायला पाहिजेत, नुसत्या वरवर रंगासारख्या असतील तर ओतलेला आहे. साच्याच्या जोडाची बारीक रेघ दिसली तर विषयच संपला. लिंबाचा थेंब टाकून बघा असं कुणी सांगंल, तर टाकू नका, फेस येतो पण पॉलिश कायमचं जातं, आणि पावडरच्या मालालाही थोडा फेस येऊ शकतो.

चालू व्हायचं म्हणाल तर मशीन ओढून वर काढा, बहुतेक वेळा नुसतं दाबून बसवलेलं असतं. बुडाला स्क्रू आणि आत कापूस, वात असली तर पेट्रोलचा, बारीक व्हॉल्व्ह असला तर गॅसचा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्यात चकमकीचा खडा फुगून नळीत अडकलेला असतो, तो हळूच कोरून काढायचा. गॅसवाल्याचे रबरी वायसर वाळलेले असतात, ते बदलल्याशिवाय गॅस भरू नका, गळतो. हे आधी सांगायला पाहिजे होतं. आणि पेट्रोलवाल्याचं मशीन बाहेर काढूनच भरा, संगमरवर तेल पितो, डाग पडला की निघता निघत नाही.

किंमत मी सांगत नाही, न बघता सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. मशीन काढल्यावर आतल्या खड्ड्याचा फोटो टाका. बुडाला मधोमध गाभा मोडल्याचा खडबडीत गोल दिसत असेल तर तो कोरलेला आहे, मग त्या दुकानदाराला तर अजिबात देऊ नका.