केल्विनचं रँकिन करताना २७३ मिळवायचे की ४६०?

दोन्ही नाही. नुसतं १.८ ने गुणायचं. रँकिन हे तापमानाचं माप, त्याचा अंश फॅरनहाइटएवढाच. केल्विन आणि रँकिन या दोन्ही मापांचं शून्य एकच आहे, निरपेक्ष शून्य, म्हणजे शक्य असलेलं सगळ्यात कमी तापमान. म्हणून बेरीज-वजाबाकी लागतच नाही. उलट जायचं तर १.८ ने भागा.

आपल्या नागपूरचंच घ्या. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसला सहज पोचतो. त्यात २७३.१५ मिळवले की ३१८.१५ केल्विन, आणि त्याला १.८ ने गुणलं की ५७२.६७ रँकिन. आता ताळा: ४५ सेल्सिअस म्हणजे ११३ फॅरनहाइट, त्यात ४५९.६७ मिळवा. तेच ५७२.६७! परीक्षेत वेळ उरला तर असा दुसऱ्या वाटेने ताळा जरूर करा.

तापमानातला फरकही १.८ नेच बदलतो. गुणोत्तर मात्र बदलत नाही, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. कोराडीच्या वीज केंद्रासारख्या ठिकाणच्या टर्बाइनची कार्नो कार्यक्षमता (उष्णतेचा जास्तीत जास्त किती भाग कामात बदलू शकतो ते) काढताना दोन्ही तापमानं केल्विनमध्ये घ्या किंवा रँकिनमध्ये, उत्तर तेच येतं. सेल्सिअस घातलं की गणित साफ चुकतं. अमेरिकन पुस्तकातली उदाहरणं सोडवत असाल तर वायू स्थिरांकही (PV = nRT मधला R) रँकिनमधलाच घ्या.