फाटकाला पत्रा नको, देवडी हवी

प्रश्न : परळमधील एका अनुदानित मराठी शाळेची मी मुख्याध्यापिका आहे. शाळांच्या सुरक्षेविषयीच्या ऑगस्ट २०२४ मधील शासन निर्णयानंतर आमच्याकडे कॅमेरे बसले. आता रस्त्याकडील जाळीच्या फाटकाला आठ फुटांपर्यंत पत्रा ठोकावा आणि पालकांना आत येऊच देऊ नये, असे संस्थाचालकांचे म्हणणे आहे. पहिलीची मुले आधीच फाटकाशी रडतात. फाटक ते जिना ही जागा जेमतेम चाळीस फूट आहे. एवढ्यात सुरक्षित, तरीही आपलेसे वाटणारे प्रवेशद्वार करता येईल का?
— एक मुख्याध्यापिका, परळ

उत्तर : निश्चित करता येईल, मात्र पत्र्याचा विचार कृपया सोडून द्यावा. पत्र्यामुळे बाहेरच्याला आतले दिसत नाही हे खरे, पण त्याच पत्र्यामुळे समोरचा किराणा दुकानदार, चाळीच्या गॅलरीत उभ्या असलेल्या बायका आणि नातवंडाला न्यायला अर्धा तास आधी येऊन थांबणाऱ्या आज्या यांची फुकट मिळणारी राखणही बंद होते. शिवाय बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या ज्या घटनेनंतर तो शासन निर्णय निघाला, त्यातील आरोपी भिंत चढून आलेला नव्हता. तो शाळेतच सफाईच्या कामाला होता. म्हणूनच त्या निर्णयात कॅमेऱ्यांबरोबर कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीवरही भर आहे. आत काय चालले आहे हे चार लोकांना दिसत राहणे, हे मुलांच्या हिताचेच आहे.

आपल्या जुन्या वाड्यांनी हा प्रश्न फार चांगला सोडवला होता. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्तींची धडक थोपवणारे अणकुचीदार खिळे आहेत, आणि त्याच दरवाजात एक माणूस वाकून जाईल एवढी दिंडीही आहे. वाड्याच्या दिंडीतून आत आले की देवडी लागे. तिथे पाहुण्याची विचारपूस होई, आत वर्दी जाई आणि मगच त्याचे पाऊल चौकात पडे. तो उन्हापावसात ताटकळत नसे, पण घरात शिरलेलाही नसे.

आपल्या चाळीस फुटांपैकी पहिले बारा फूट अशा देवडीला द्यावेत. मोठे फाटक जाळीचेच राहू द्यावे आणि त्यातली दिंडी दिवसभराच्या ये-जेसाठी वापरावी. वर पक्के छप्पर हवे, कारण मुंबईत शाळा उघडते तीच पावसाच्या तोंडावर. दोन्ही बाजूंना बाक आणि पलीकडे गजांचे दुसरे दार, जे कार्यालयातून उघडले जाईल. कार्यालयाची खिडकी या देवडीकडे काढावी आणि तिची कड अडीच फुटांवर ठेवावी, म्हणजे पहिलीतल्या मुलाचाही चेहरा लिपिकाला दिसेल. पालकांची नोंद, शिक्षकांशी भेट, विसरलेला डबा देणे, सारे इथेच व्हावे.

पहारेकऱ्याच्या जागेकडे मात्र नीट लक्ष द्यावे. अनेक शाळांत मी पाहतो, की त्याची प्लॅस्टिकची खुर्ची हळूहळू सरकत मोबाइल चार्ज करायच्या प्लगपाशी गेलेली असते आणि तिथून फाटक दिसतच नाही. तेव्हा पंखा, दिवा आणि प्लग दिंडीलगत द्यावेत. माणूस आपोआप तिथे बसेल.

रडणाऱ्या मुलाला सर्वांत जड जाते ते आई एकदम दिसेनाशी होणे. म्हणून जूनचे पहिले दोन आठवडे पहिलीच्या पालकांना देवडीपर्यंत येऊ द्यावे. मूल जिन्याशी वळून पाहील तेव्हा गजांतून आई दिसली पाहिजे. दारात रोज तीच मावशी असावी आणि तिने मुलाला नावाने हाक मारावी. अनोळखी माणूस मुलाचा हात धरून निघाला, तर कॅमेऱ्याआधी तिच्याच ते लक्षात येईल.

खरा गोंधळ होतो तो सकाळचे अधिवेशन सुटून दुपारचे भरताना. दोन्हींमध्ये पंधरा मिनिटांचे अंतर ठेवावे आणि लहान मुलांना बाकावर बसवून, पालकांचे ओळखपत्र पाहून एकेकाला सोपवावे. जोत्याला तीन पायऱ्या, म्हणजे दीड फूट उंची असेल, तर एकास बारा या उताराने अठरा फुटांचा रॅम्प लागेल. तो भिंतीलगत सहज बसतो.

प्रश्न : बाहेरचे कोणी शिरू नये म्हणून शाळा भरल्यावर आम्ही मागच्या दाराला कुलूप लावतो. हे योग्य आहे का?
— एक शिक्षक, भांडुप

उत्तर : नाही. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणम येथील शाळेला आग लागून ९४ मुले दगावली. बाहेर पडायची वाट अरुंद होती. मागच्या दाराला आतून ढकलताच उघडणारी आडवी दांडी बसवावी, बाहेरून मूठच ठेवू नये, आणि दार उघडताच कार्यालयात घंटा वाजेल अशी सोय करावी. ती होईपर्यंत किल्ली प्रत्येक अधिवेशनात जवळच्या वर्गातील शिक्षकाकडे असू द्यावी. आज शाळा सुटल्यावर त्या दारापुढे मोडके बाक रचून ठेवलेले नाहीत ना, तेवढेही पाहून घ्यावे.