डेटाय बेटावरचे लोक रातोरात पळाले होते का?

अंटार्क्टिकातल्या या बेटावरच्या जुन्या, रिकाम्या ब्रिटिश स्टेशनात दोरीवर लटकलेले लांब पायजमे आणि फडताळात तसेच राहिलेले डबे फोटोत बघून 'इथं काही भयंकर घडलं होतं का', असं तुम्ही विचारलंय. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदरातून सुटलेल्या जहाजाने मी तिथे जाऊन आलोय. भयंकर काही नाही. बर्फ नडला.

आधी नावाचं. स्पेलिंग बघून सगळे 'डिटेल' म्हणतात, मीही म्हणायचो. नाव फ्रेंच आहे, शार्को या दर्यावर्दीने दिलेलं. म्हणून डेटाय.

बेट एवढंसं, अंटार्क्टिक वृत्ताच्या जरा दक्षिणेला, लालमां फ्योर्ड या अरुंद खाडीच्या तोंडाशी. ब्रिटिशांनी 1956 मध्ये इथे 'स्टेशन डब्ल्यू' उभारलं. नकाशे, भूगर्भ, हवामान ही कामं. 1957–58 चं आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षही, म्हणजे अनेक देशांनी मिळून केलेला पृथ्वीचा अभ्यास, त्यातच आलं. बेत साधा होता: हिवाळ्यात समुद्र गोठला की कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन समोरच्या मुख्य भूमीवर जायचं. पण तो बर्फ भरवशाचा निघेना. कधी फुटेल याचा नेम नाही, म्हणजे बेटावरच अडकून पडायचं. शेवटी स्टेशन बंद करायचं ठरलं.

आणि 1959 मध्ये माणसांना न्यायला 'बिस्को' जहाज आलं, तेव्हा नेमका तोच बर्फ हटेना! मदतीला अमेरिकन बर्फफोडी जहाजं होती, तरी बिस्को पन्नासेक किलोमीटरच्या आत येऊ शकलं नाही. मग काय, घर बंद केलं, गाड्यांवर मावेल तेवढं लादलं आणि मंडळी बर्फावरून जहाजापर्यंत गेली. पायजमे, पुस्तकं, डबे मागे राहिले ते असे. आज एक ब्रिटिश वारसा ट्रस्ट घराची डागडुजी करतो. आत थोडेथोडेच जण सोडतात, बूट घासून. वास मात्र अजून जुन्या लाकडाचा आणि तेलाचा येतो, निदान मला तरी आला.

तुम्ही कुत्र्यांचंही विचारलं होतंत. त्यांनाही नेलं, फक्त स्टीव्ह नावाचा एक निसटला आणि बेटाकडे परत पळाला. तो गेलाच, असं सगळे धरून चालले. तीनेक महिन्यांनी हा पठ्ठ्या शंभरेक किलोमीटर दक्षिणेच्या हॉर्सशू बेटावरच्या स्टेशनात हजर, आणि चांगला धडधाकट.