शॉक देऊन मुतखडा फोडला, आता बीपी वाढलं

प्रश्न : 2016 मध्ये उजव्या किडनीतला 12 मिमीचा खडा शॉक देऊन फोडला होता. आता वय 49. सातपूरच्या कंपनीतल्या तपासणीत बीपी 150/94 निघालं. शॉकनेच किडनी बिघडली, असं घरचे म्हणतात. आता डाव्या किडनीत 9 मिमीचा खडा दिसतोय. पुन्हा शॉक घ्यावा का? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : घरच्यांची शंका अगदीच निराधार नाही. हा शॉक विजेचा नसतो; शरीराबाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देऊन खडा फोडतात. 1985 मध्ये शॉक घेतलेल्या रुग्णांचा अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने 19 वर्षांनी आढावा घेतला, तेव्हा त्यांच्यात उच्च रक्तदाब जास्त आढळला. पुढे तिथल्याच स्थानिक रहिवाशांच्या अभ्यासात हा संबंध दिसला नाही. 2016 मध्ये ब्रिटनच्या नोंदींत किडनीवरच्या शॉकबाबत तो पुन्हा दिसला. म्हणजे वाद मिटलेला नाही. मुळात ज्यांना खडे होतात, त्यांना शॉक न घेताही बीपीचा धोका जास्त असतो. त्यामुळे तुमचं बीपी शॉकमुळेच वाढलं, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

शॉकने किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटू शकतात. क्वचित किडनीच्या आवरणाखाली रक्त साचतं, किडनी दाबली जाते, रेनिन हे किडनीत तयार होणारं, बीपी वाढवणारं रसायन वाढतं आणि बीपी चढतं.

पण एकदा मोजलेल्या आकड्यावर गोळी सुरू होत नाही. दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घ्या. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्याने आकडा खोटाच जास्त येतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा छातीच्या पातळीवर हवा. सकाळी-संध्याकाळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असं सात दिवस लिहून ठेवा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती 135/85 किंवा जास्त आली, तर उपचारांचं बोला. सोबत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन), साखर आणि सोनोग्राफी करा. खड्याच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक वरचेवर घेत असाल तर तेही सांगा; त्यानेही बीपी वाढतं.

आता डावा खडा. बीपी आटोक्यात आल्याशिवाय शॉक घेऊ नका, कारण चढत्या बीपीत रक्तस्रावाचा धोका वाढतो. सीटी स्कॅनमध्ये खडा फार कठीण निघाला, किंवा किडनीच्या खालच्या कप्प्यात असला, तर दुर्बिणीतून लेझरचा पर्याय विचारा. शॉकच ठरला तर मिनिटाला 120 ऐवजी 60 धक्क्यांचा वेग आणि हळूहळू वाढवलेली ताकद मागून घ्या. किडनीला इजा कमी होते. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

शॉकनंतर लघवी दोन-तीन दिवस लालसर होणं चालतं. कमरेत दुखणं वाढतच गेलं, चक्कर आली किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.