टायगामधील टीमचा डेटा दुसऱ्या सर्व्हरवर कसा हलवावा?

आपला प्रश्न असा आहे, की टायगा या टीमच्या कामांचे नियोजन करण्याच्या मुक्तस्रोत साधनातील प्रोजेक्ट नव्या सर्व्हरवरील टायगामध्ये नेताना स्टोरी (म्हणजे एकेका अपेक्षित सुविधेची नोंद), टास्क आणि त्यांवरील चर्चा यांपैकी काहीही गमवायचे नाही. त्यासाठी प्रोजेक्टच्या ॲडमिन विभागातील एक्स्पोर्टची सोय वापरावी. तिच्यातून एकच जेसन (डेटा मजकुराच्या रूपात साठवणारी) फाइल मिळते आणि तिच्यात स्टोरी, स्प्रिंट (कामाचे ठरावीक मुदतीचे टप्पे), विकी, कमेंट यांबरोबर जोडलेल्या फाइलीही सांकेतिक मजकुराच्या रूपात सामावलेल्या असतात, म्हणूनच ती कधीकधी अनपेक्षितपणे मोठी होते. सीएसव्ही अहवालावर कृपया विसंबू नये, कारण तो तक्त्यासाठी उपयुक्त असला तरी त्यातून प्रोजेक्ट पुन्हा उभा करता येत नाही.

खरी अडचण माणसांच्या नावांची असते. ही फाइल नव्या सर्व्हरवर आयात करताना टायगा सदस्यांना ईमेल पत्त्यावरून ओळखते, त्यामुळे नव्या सर्व्हरवर सर्वांची खाती जुन्याच पत्त्यांनी आधी उघडून घ्यावीत. अन्यथा कोणते काम कोणाकडे होते ही नोंद पुसली जाते, आणि ती नंतर हाताने भरणे फार कष्टाचे असते.

प्रोजेक्ट पुष्कळ असतील आणि दोन्ही सर्व्हर आपल्याच ताब्यात असतील, तर मात्र पीजी-डंप या आज्ञेने टायगाच्या पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसची प्रत घेऊन ती जोडलेल्या फाइली असणाऱ्या मीडिया फोल्डरसह हलवावी, आणि दोन्हीकडे टायगाची आवृत्ती एकच ठेवावी. जुना सर्व्हर लगेच बंद करू नये. आधी एखादी जुनी, भरपूर चर्चा झालेली स्टोरी दोन्हीकडे उघडून ताडून पाहावी.